रक्त "साकळतं" म्हणजे नक्की काय होतं? साखळीशी काही संबंध आहे का?

कृष्णाकाठचा_पोरगा (सांगली)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढायला कारण आमची आजी.

परवा ती न्हाणीत घसरली. हाड शाबूत आहे, पण नडगीवर टम्म सुजून काळंनिळं झालंय. दवाखान्यात नेताना रिक्षात सगळ्या रस्त्यानं एकच घोकत होती, "आत रगत साकाळलंय, दुसरं काय न्हाई." डॉक्टरांनी दाबून बघितलं, चालायला लावलं, फोटो काढायला लावला आणि शेवटी कागदावर लिहून दिलं हिमॅटोमा. म्हणजे आजीनं रिक्षात फुकट सांगितलं होतं तेच.

घरी आल्यावर आमचा सात वर्षांचा पुतण्या तिच्या पायाशी बसून विचारतोय, "आजी, साकाळलंय म्हणजे पायात सकाळ झाली का?" सगळे हसलो, पण मग त्याला समजावून सांगायची वेळ आली तेव्हा माझीच बोबडी वळली. बायको म्हणाली साकळणं म्हणजे साखळी धरणं, मी म्हटलं रक्ताची कसली साखळी, ती म्हणाली मग तूच सांग. नाही सांगता आलं.

मग जेवताना सगळ्यांनी हेच दळण घेतलं. दूध विरजतं, तूप थिजतं, पाणी गोठतं, रक्त साकळतं, पिठलं आळून येतं, आभाळ दाटतं. चुकूनही कुणी "तूप विरजलं" किंवा "आमटी साकळली" म्हणत नाही, आणि हे आपल्याला कुणी शिकवलेलं पण नाही. पुतण्या मात्र या सगळ्याला एकच शब्द वापरतो, "थिक झालं". त्याचा काय दोष म्हणा.

तर साकळणे हा शब्द आला कुठून? आणि तुमच्याकडं अजून कुठले शब्द आहेत?

वाईची_मंदा

आमच्याकडं साखळणं म्हणतात, ख. "बोट चेचलं, नखाखाली रक्त साखळलं." त्यामुळं वहिनींच्या बाजूनं माझं एक मत. आजींना लवकर आराम पडो.

उंडगा_सातारकर

थिजणे वर बोलतो कारण तो माझा रोजचा विषय आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आंघोळीच्या आधी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली की काहीच येत नाही, मग ती गरम पाण्याच्या तांब्यात उभी करायची नाहीतर गॅलरीत उन्हाच्या पट्ट्यात ठेवायची. खोबरेल २४-२५ डिग्रीला वितळतं, म्हणजे आमच्या साताऱ्यात निम्मा हिवाळा ते पांढरंच असतं. लहानपणी आई बाटलीत झाडूची काडी घालून आतलं तेल टोकरून काढायची आणि केसाला लावताना डोक्यावर तो गार गोळा असा टेकवायची की अंगावर काटा यायचा. त्याला आम्ही थिजलं म्हणतो, गोठलं कधीच म्हटलं नाही.

माझी थिअरी अशी की थिजतं ते परत पातळ होतं. तूप थिजलं, गरम केलं, झालं पातळ. विरजलेलं दूध परत दूध होत नाही आणि साकळलेलं रक्त परत वाहत नाही. म्हणून शब्द वेगळे. पटतंय का बघा.

लेकुरवाळी

@उंडगा, मग गोठणे? बर्फ पण वितळतोच की.

उंडगा_सातारकर

ताई तुम्ही माझ्या थिअरीवर विरजण घातलंत 🙏

मिरजेचा_डॉक्टर

आधी आजींचं. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का ते बघा, असेल तर सूज वाढतेय का यावर लक्ष ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांना तसं कळवा. पहिले एक-दोन दिवस बर्फ, कापडात गुंडाळून, आणि शेक त्याच्यानंतर. आपल्याकडं पडल्या पडल्या हळद गरम करून लावतात आणि वरून शेकतात, त्यानं सुरुवातीला सूज उलट वाढते. आणि चोळायचं तर अजिबात नाही.

आता शब्दाचं. मी भाषेचा माणूस नाही पण साखळीवरून माझं डोकं चाललं ते सांगतो. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. जखम झाली की थ्रॉम्बिन तयार होतं आणि ते या फायब्रिनोजेनच्या मधल्या भागातले छोटे तुकडे छाटतं. छाटल्यावर जे उरतं ते फायब्रिन, आणि ते एकाला एक असं टोकाला टोक जोडत जातं. अक्षरशः कडीत कडी. त्याचे धागे, धाग्यांचं जाळं, आणि त्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात, ती झाली गुठळी. तेव्हा धागाकर्त्यांच्या सौ. म्हणतात ती साखळी मायक्रोस्कोपखाली खरंच आहे. शब्द त्यावरून आला असेल असं मी म्हणत नाही, ज्यांनी शब्द केला त्यांच्याकडं मायक्रोस्कोप कुठला. पण मजा वाटली.

कृष्णाकाठचा_पोरगा

धन्यवाद डॉक्टर. गोळी नाहीये चालू. हळद लावून झाली होती, शेकायच्या आत तुमचा प्रतिसाद वाचला, आजीनं बर्फाला "हे काय नवीन" म्हणून नाक मुरडलं पण ठेवून घेतला.

बायकोला तुमचा दुसरा परिच्छेद दाखवला, तेव्हापासून ती माझ्याशी जिंकल्यासारखी वागतेय.

निळं_टोपण

मी लॅबमध्ये आहे, मिरजेतच, रोज दहा वेळा तरी "सॅम्पल क्लॉट झालंय, परत द्यावं लागेल" म्हणावं लागतं. एकदा जतकडच्या एक म्हाताऱ्या मावशी आल्या होत्या, त्यांना तेच सांगितलं, त्या मुलाकडं बघून म्हणाल्या, "काय म्हणतोय ह्यो?" मुलगा म्हणाला रक्त घट्ट झालंय. मावशींनी नळी हातात घेतली, उजेडाकडं धरली, तिरकी केली, आतला गोळा हलत नाही बघितलं आणि म्हणाल्या, "इरजलं व्हय." मी आजपर्यंत याच्यापेक्षा चांगलं कुणाला समजावून सांगू शकलो नाही.

आणि गंमत म्हणजे ते अगदीच चूक नाही. रक्त साकळायला कॅल्शियम लागतं. निळ्या टोपणाच्या नळीत सायट्रेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून रक्त पातळ राहतं, जांभळ्या टोपणात ईडीटीए असतं त्याचं पण कामच ते. तिकडं चीज करताना रेनेट घालून दूध घट्ट करतात, त्यालाही कॅल्शियम लागतंच.

गुळाची_ढेप (कराडकडचा)

तुम्ही सगळे दूध आणि रक्तात अडकलाय, जरा आमच्याकडं या.

आमचं गुऱ्हाळ होतं, आता बंद आहे, पण दहावीपर्यंत माझा दिवाळीनंतरचा सगळा काळ काहिलीच्या धुरात गेलाय. रस काहिलीत पडल्यापासून गूळ वाफ्यात ओतेपर्यंत त्याला किती शब्द लागतात बघा. आधी रस तापतो, वर मळी येते, ती झाऱ्यानं काढायची, भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालायचं म्हणजे राहिलेली घाण वर धरून येते. मग रस आटतो. आटता आटता काकवी होते. इथपर्यंत नुसतं पाणी उडालेलं असतं, त्याला आमच्याकडं कुणी "घट्ट झालं" म्हणत नव्हतं, "आटलं" म्हणायचे. मग त्याचा पाक होतो. बुडबुडे बारीक होते ते मोठे व्हायला लागतात आणि आवाज बदलतो, सळसळ होती तिची फदफद होते. या वेळी गुळव्या कुणाशी बोलत नाही. चुलवाणापाशी बसलेल्याला फक्त हातानं खूण करतो, चिपाड घालू नको म्हणून. फावड्याच्या टोकावरचा पाक गार पाण्याच्या भांड्यात सोडायचा, बोटांनी गोळा करून बघायचा. बोटाला लिबलिबीत लागला तर अजून वेळ आहे. गोळी झाली आणि ती काहिलीच्या काठावर आपटल्यावर टण्ण वाजली की झालं, चार माणसं काहील धरून उतरवायची, एक क्षण इकडं तिकडं झाला तर गूळ करपतो नाहीतर ढेपच बसत नाही.

पुस्तकात म्हणतात हे साधारण ११८ डिग्रीला होतं. आमच्या गुळव्यानं थर्मामीटर जन्मात बघितला नव्हता.

वाफ्यात ओतल्यावर तो घोटतात, तेव्हा त्याला कणी धरते. मग साच्यात. आणि सकाळी बघायचं "गूळ बसला का". गूळ थिजत नाही, गोठत नाही, आळत नाही, साकळत तर नाहीच नाही. गूळ *बसतो*. दही पण काही जण "बसलं" म्हणतात. भांडणं मिटली की माणसं पण बसतात, हे अवांतर.

वाईची_मंदा

गोळीबंद पाक, एकतारी पाक. माझ्या रव्याच्या लाडवांचा इतिहास या दोन शब्दांत आहे. एका दिवाळीला लाडू इतके बसले होते की ह्यांनी अडकित्ता आणला.

लेकुरवाळी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

तूपसाखर

दह्याचं कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. विरजण लावायचं दूध कोमट म्हणजे करंगळी बुडवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत, ४०-४५ च्या आसपास. जास्त गरम असेल तर विरजणातले जीव मरतात आणि सकाळी नुसतं आंबुस दूध. थंडीत आम्ही गाडगं पिठाच्या डब्यात पुरून ठेवतो. मातीच्या गाडग्यातलं दही घट्ट लागतं कारण माती त्यातलं पाणी ओढून घेते. आतून काय होतं तर ते जीव आम्ल तयार करतात, दुधातलं केसिन नावाचं प्रथिन एरवी एकमेकांना ढकलत पोहत असतं, आम्ल वाढलं की ते ढकलणं संपतं आणि सगळे एकमेकांना चिकटून बसतात.

आणि चांगल्या लागलेल्या दह्याला "कवडी" म्हणतात हे विसरू नका. कवडी दही. चमच्यानं काढलं की कड अशी सुबक, गुळगुळीत, शिंपल्यासारखी निघते. नुसतं घट्ट असून चालत नाही, कवडी पडली पाहिजे. हल्ली डब्यातलं दही घट्ट असतं, कवडी नसते.

माझ्या सासूबाई "इरजान" म्हणायच्या. आमच्या घरात दोन्ही चालतं.

निवृत्त_मास्तर (इस्लामपूर)

धागा आवडला. चाळीस वर्षं संस्कृत आणि मराठी शिकवलं, पण वर्गात कुणी असं विचारलं नाही. (एकदा एकानं विचारलं होतं की तूप शब्द संस्कृतात का नाही, तेव्हा परीक्षा जवळ आली होती म्हणून मी टाळलं, अजून टोचतं.)

थिजणे पासून सुरुवात करतो कारण त्याचा माग स्वच्छ आहे. संस्कृतात स्त्यै असा धातू आहे, एकत्र येऊन घट्ट होणे. त्याचं स्त्यान, म्हणजे घट्ट झालेलं. आपल्याकडं येताना सुरुवातीच्या "स्त"चा "थ" होतो, स्तनचं थान झालं, स्तोकचं थोडं झालं, तसंच हे. पालीत स्त्यानचं थीन झालं. बौद्धांनी ध्यानाच्या आड येणारी पाच नीवरणं सांगितली त्यात थीनमिद्ध एक आहे, मनाचं थिजणं आणि पेंगणं. म्हणजे "नजर थिजली", "मन थिजलं" हे आपण आज म्हणतो ते दोन हजार वर्षांपेक्षा जुनं आहे, आणि मुळात ते तुपाचं आहे.

दुसरा एक धातू श्यै. त्याच्याबद्दल पाणिनीचं सूत्र आहे, द्रवमूर्तिस्पर्शयोः श्यः. सोप्या भाषेत, पातळ पदार्थ घट्ट होणे किंवा स्पर्श, या दोन अर्थांनी या धातूचं रूप बदलतं. पहिल्या अर्थाचं उदाहरण काशिकेत, म्हणजे पाणिनीवरच्या जुन्या टीकेत दिलंय, शीनं घृतम्, थिजलेलं तूप. दुसऱ्या अर्थाचं रूप तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, शीत. म्हणजे "शीत" आणि थिजलेल्या तुपाचं "शीन" एकाच धातूची दोन पोरं. उंडगा, तुमची आई डोक्यावर तो गार गोळा टेकवायची तेव्हा हे अख्खं सूत्र तुमच्या टाळूवर होतं.

उंडगा_सातारकर

मास्तर 🙏🙏 आईला फोन करून सांगितलं. म्हणाली "मग आता तरी तेल लावत जा."

कृष्णाकाठचा_पोरगा

सर, साकळणे??

निवृत्त_मास्तर

येतो. नातवाला क्लासहून आणायचंय.

वेण्णाकाठ

तोपर्यंत गोठणे. दर हिवाळ्यात पेपरला फोटो येतो, वेण्णा लेकच्या जेटीवर दवबिंदू गोठले, महाबळेश्वरात हिमकण. पर्यटक पहाटे उठून गाडीच्या टपावरचा बर्फ खरवडून हातात घेऊन फोटो काढतात. आमच्या स्ट्रॉबेरीवाल्यांचा त्या दिवशी जीव टांगणीला लागलेला असतो, पाला करपून जातो. पण एक सांगतो, म्हातारी माणसं याला गोठलं म्हणत नाहीत, "हिव पडलं" म्हणतात. गोठणं हा मला तरी शाळेतला शब्द वाटतो, गोठणबिंदू वगैरे. नाहीतर मग सरकारी, भत्ता गोठवला, खातं गोठवलं. भत्ता कुणी थिजवत नाही.

गुळाची_ढेप

गोठणबिंदू वरून आठवलं, आमच्या शाळेत सरांनी गोठणबिंदू म्हटलं की मागच्या बाकावरची पोरं हसायची कारण आमच्या गावात गोठण म्हणजे दुपारी गुरं जिथं झाडाखाली गोळा होऊन बसतात ती जागा. सरांनी विचारलं "पाण्याचा गोठणबिंदू कुठला" तर एकानं उत्तर दिलं होतं, "वढ्याकडंचा पिंपळ."

लेकुरवाळी

🤣🤣 वाखूसा (वाचनखूण साठवली)

मिरजेचा_डॉक्टर

हे ऑपरेशन थिएटरमध्ये सांगणार आहे.

भाषाभ्यासक_नवखा

मी भाषाशास्त्राचा विद्यार्थी, पुण्यात असतो, मूळ विट्याचा. साखळीवाल्यांना थोडं अडवतो.

साखळी येते शृंखलेवरून, याबद्दल वाद नाही. साखळीत ख टिकलाय. साकळण्यात क आहे. ख सहजासहजी क होत नाही. उलट सम् + कल्, संकल, ज्याच्यावरून संकलन होतं, गोळा करणे, त्याच्यात क आयता आहे. आणि ल चा ळ आपल्याकडं नेहमीचाच, फल-फळ, कमल-कमळ, तसं संकल-साकळ. गोळा होणे हा अर्थ पण बसतो. वाईकडं साखळणं म्हणतात ते मागाहून साखळीच्या ओढीनं झालं असावं, लोक ओळखीच्या शब्दाकडं ओढून नेतात.

वाईची_मंदा

म्हणजे आम्ही अडाणी का 😄

भाषाभ्यासक_नवखा

नाही हो ताई, उलट, असं ओढून नेणारेच भाषा पुढं नेतात.

सौ_कृष्णाकाठ

खास उत्तर द्यायला अकाउंट काढलंय. हिंदीत दाराच्या कडीला सांकल म्हणतात. क. ख नाही. ती पण शृंखलेवरूनच आली ना? मग ख चा क होत नाही हे कसं?

भाषाभ्यासक_नवखा

... बरोबर आहे. प्राकृतात शृंखलेची दोन्ही रूपं आहेत, ख वाली पण आणि संकला अशी क वाली पण. म्हणजे नुसत्या उच्चारावरून निकाल लागत नाही. माघार. अर्थावरून मात्र मी अजून संकलवरच आहे.

कृष्णाकाठचा_पोरगा

मंडळी माझी घरची परिस्थिती समजून घ्या आणि जरा जपून प्रतिसाद द्या.

निवृत्त_मास्तर

आलो. वरचं सगळं वाचलं. सौ. कृष्णाकाठ यांना पैकीच्या पैकी मार्क, पण माझंही मत संकलच्या बाजूचं आहे आणि त्याचं कारण या धाग्यातच कुणीतरी न कळत लिहून गेलंय. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

डॉक्टर मंडळी ज्याला कोआग्युलेशन म्हणतात तो शब्द लॅटिनचा. कोआग्युलम. त्याचा मूळ अर्थ रक्ताची गुठळी नव्हे, दूध घट्ट करणारं रेनेट, म्हणजे निळ्या टोपणानं वर सांगितलं तेच. लॅटिनमधलं विरजणच म्हणा. (थ्रॉम्बस या ग्रीक शब्दाचीही तीच कथा, गोळा, गुठळी आणि घट्ट झालेलं दूध, सगळं त्यात बसतं.) तेव्हा जतच्या त्या मावशी नळी उजेडात धरून "इरजलं व्हय" म्हणाल्या, तेव्हा रोमन लोकांनी केला तोच विचार त्यांनी केला.

आता कोआग्युलम फोडू. को म्हणजे एकत्र, आगेरे म्हणजे हाकणे. एकत्र हाकणे. कोगेरे हे क्रियापद लॅटिनमध्ये गुरं हाकून एका जागी आणायला सर्रास वापरत. दुधातले विखुरलेले कण हाकून एका जागी आणतो तो पदार्थ म्हणजे कोआग्युलम.

लॅटिन आगेरेचा सख्खा भाऊ संस्कृतात आहे, अज्, हाकणे. आणि को च्या जागी आपल्याकडं सम्. सम् + अज्. यावर पाणिनीचं वेगळं सूत्र आहे, समुदोरजः पशुषु. जनावरांच्या बाबतीत शब्द होतो समज, म्हणजे हाकून एकत्र आणलेला कळप. आणि माणसांच्या बाबतीत? समाज.

म्हणजे डॉक्टर मंडळींच्या कोआग्युलेशनची फोड आणि "समाज" या शब्दाची फोड एकच आहे, अक्षरशः एकच. एका मात्रेच्या फरकानं गुरं आणि माणसं वेगळी केली, बस.

आता गुळाची ढेप यांच्या वर्गातला तो मुलगा आठवा. गोठण म्हणजे गुरं गोळा होतात ती जागा. तो शब्द गोष्ठाच्या घराण्यातला, गोठा पण तिथलाच. तो आणि बर्फाचा गोठणे एकच आहेत असं मी म्हणणार नाही, पण "वढ्याकडंचा पिंपळ" हे उत्तर रोमन गुराख्यानं ऐकलं असतं तर त्यानं मान डोलावली असती.

आणि हे चित्र एकदा डोळ्यापुढं आलं की मराठीत जागोजागी दिसायला लागतं. दाट आमटी आणि बाजारातली दाटी. दाटून आलेलं आभाळ, दाटलेला कंठ. पातळ म्हणजे विरळ, सुटं सुटं, आणि घट्ट म्हणजे गोळा झालेलं.

आता साकळणे. सम् + कल्. कल् या धातूचा आपल्याला माहीत असलेला अर्थ मोजणे, पण दुसराही आहे. कालयति म्हणजे हाकतो, पुढं घालून नेतो. पुन्हा हाकणंच. आत कुठंतरी रक्त फुटलं, सैरावैरा पळालं, आणि मग एका जागी येऊन गोळा झालं. शृंखलेत जोडणं आहे, गोळा होणं नाही. म्हणून माझा कौल संकलला.

सौ_कृष्णाकाठ

मास्तर, तुमच्यापुढं माघार. ह्यांच्यापुढं नाही.

भाषाभ्यासक_नवखा

सर, समज आणि समाज हे मला माहीत होतं, कोआग्युलम पण माहीत होतं, दोन्ही शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं. हे टिपून घेतलं.

मिरजेचा_डॉक्टर

अजून एक भर. व्हिटॅमिन के मधला के कुठला माहितीये का? ए, बी, सी, डी, ई झालं आणि एकदम के. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिलांवर काम करताना ते शोधलं, पिलांना ते मिळालं नाही की आतल्या आत रक्तस्राव व्हायचा. तिकडं कोआग्युलेशनचं स्पेलिंग के पासून, म्हणून के. १९४३ चं नोबेल मिळालं त्यांना. मराठी माणसानं शोधलं असतं तर व्हिटॅमिन सा.

उंडगा_सातारकर

व्हिटॅमिन "सा" 😂 रे ग म कुठाय

तूपसाखर

मास्तर, माझ्या दह्याला संस्कृतात काय म्हणायचे ते राहिलं की.

निवृत्त_मास्तर

दही दधि, ते सोपं. विरजणाला वैदिक शब्द आहे आतञ्चन. यज्ञासाठी दूध विरजायचं तेव्हा त्यात घालायचं ते. ताक म्हणजे तक्र.

लेकुरवाळी

चीक राहिला सगळ्यांचा! खरवस! ना विरजण, ना लिंबू, ना काही, नुसती वाफ द्यायची आणि वडी पडते. साधं दूध कितीही उकळा, तसं होत नाही. का?

निळं_टोपण

चिकात वासराला द्यायची प्रतिकारशक्तीची प्रथिनं ठासून भरलेली असतात, इम्युनोग्लोब्युलिन, आणि ती उष्णतेनं घट्ट होतात, अंड्याच्या पांढऱ्यासारखी. पहिल्या धारेच्या चिकात सगळ्यात जास्त, म्हणून त्यात साधं दूध मिसळावं लागतं नाहीतर खरवस रबरासारखा चिवट होतो. चौथ्या दिवसापर्यंत ती इतकी कमी होतात की वडी पडत नाही.

गुळाची_ढेप

आमची म्हैस आज-उद्यावर आलीये. गूळ पण घरचा आहे, म्हणजे शेजाऱ्यांच्या गुऱ्हाळातला, पण मी उभा राहून काढून घेतलेला.

कृष्णाकाठचा_पोरगा

अपडेट. आजीची सूज उतरलीये, काळ्याचं हिरवं आणि हिरव्याचं पिवळं झालंय. डॉक्टरांनी विचारलं कसं वाटतंय, म्हणाली "पांगलं." साकळलं त्याचं उलट पांगलं. मास्तर, गुरं पण पांगतातच ना?

पुतण्याला मी सगळं समजावलं, कळप, हाकणं, समाज, सगळं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि आजीला जाऊन म्हणाला, "आजी तुझ्या पायात गाई होत्या."

निवृत्त_मास्तर

पांगलं! हा शब्द माझ्या यादीत नव्हता. मुलाला माझा आशीर्वाद सांगा.

गुळाची_ढेप

व्यायली. पहाटे साडेचारला. मादी रेडकू आहे. दुसऱ्या धारेचा चीक उद्या सकाळी काढून ठेवतो, सांगलीकरांनी डबा घेऊन यावं, स्टीलचा, झाकणाचा, आणि प्लॅस्टिकची बाटली घेऊन कुणी आलं तर देणार नाही.

कृष्णाकाठचा_पोरगा

पहिल्या एसटीनं निघतो. आजी म्हणतेय दोन डबे ने.